दोह्यातले मुंबईचे कागद

स्मरणिका समितीचे पत्र आले तेव्हा आम्ही मॉरिशसमध्ये नव्हतो. लेकीच्या बाळंतपणासाठी शाळेतून रजा काढून कतारला, दोहा शहरी जाऊन राहिलो होतो. आगमन-शताब्दीच्या अंकासाठी पूर्वजांच्या इतिहासावर लेख द्यावा, असे पत्रात होते आणि खाली हाताने लिहिलेली एक ओळ होती: ‘बाई, शाळेतल्या निबंधासारखा नको.’ ती ओळ जरा लागली. तीस वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला निबंध सोडून दुसरे काय येणार? ‘मी’ लिहायचेही आम्हाला जमत नाही. वर्गात रोज ‘आता आपण वाचू या, आता आम्ही फळ्यावर लिहितो’ असे म्हणून म्हणून जिभेला तीच सवय लागली आहे. तेव्हा ‘आम्ही’ म्हणजे पुष्कळ माणसे असे वाचकांनी समजू नये. बाई एकच आहे.

शताब्दीबद्दलही एक शब्द बोलून घेतो. गिरमिटी मजुरांचे पहिले जहाज ‘ॲटलस’ कलकत्त्याहून छत्तीस माणसे घेऊन २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला लागले, हे आपल्या पोरांनाही पाठ असते. मुंबईहून आलेला पहिला मराठी माणूस कुठल्या दिवशी उतरला यावर मात्र आपल्यात एकमत नाही. म्हणून समितीने शंभर वर्षे मोजली ती शेवटी उतरलेल्यांपासून. गिरमिटी भरती १९१० मध्ये थांबली होती. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला थोडा काळ पुन्हा मजूर आणले गेले आणि कुंवर महाराज सिंह यांनी बेटावर येऊन पाहणी करून १९२५ चा अहवाल दिल्यावर ते दार कायमचे लागले. दार लागल्याची शताब्दी आणि नाव आगमनाचे, असा टोमणा एका ज्येष्ठांनी सभेत मारलाच. आम्हाला तो तेव्हा आवडला होता. आता वाटते, पहिली तारीख हाती नसेल तर शेवटची धरावी, निदान काहीतरी धरावे.

तर कतार. बाळ झोपले की दोन-तीन तास मोकळे मिळायचे. लेक म्हणाली, ‘आई, घरात बसून भिंती बघू नकोस, मेट्रोने लायब्ररीत जा.’ दोह्याच्या एका टोकाला एज्युकेशन सिटी नावाची वसाहत आहे. तिथे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या शाखा आहेत. व्हर्जिनियाच्या विद्यापीठाची कला आणि डिझाइन शिकवणारी शाखा १९९८ पासून आहे, जॉर्जटाउनची शाखा २००५ पासून, आणखीही काही आहेत. त्यांच्या मधोमध कतारचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. रेम कूलहास या डच वास्तुरचनाकाराने त्याचा आराखडा केला आणि २०१७ च्या नोव्हेंबरात ते लोकांसाठी उघडले. आत भिंती अशा नाहीतच. एकच प्रचंड दालन, त्याची जमीन कडांना वर उचललेली, जणू कागदाचे कोपरे दुमडून धरले आहेत, आणि त्या उतारांवर पुस्तकांच्या पांढऱ्या रांगा. मधोमध जमीन सुमारे सहा मीटर खोल उतरते. खाली मातकट रंगाच्या दगडाच्या भिंती आहेत, उत्खननात निघालेल्या जुन्या गावासारख्या, आणि त्या भिंतींमध्ये जुनी हस्तलिखिते आणि नकाशे ठेवलेले आहेत. विहिरीत उतरल्यासारखे वाटले. जुने ते खाली, खणल्यावर सापडावे तसे, ही कल्पना आम्हाला एकदम समजली. डिझाइन म्हणजे शोभा नव्हे, सांगण्याची पद्धत, हे तिथे कळले आणि पुढे त्याचा उपयोग झाला.

मदत टेबलावरच्या बाईंनी विचारले, काय हवे? आम्ही आपले म्हटले, मराठी लोकांबद्दल काही आहे का? त्या हसल्या नाहीत. त्यांनी संगणकावर कतार डिजिटल लायब्ररी उघडून दिली. हे संकेतस्थळ २०१४ पासून सुरू आहे. कतारचे ग्रंथालय आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी यांनी मिळून इंडिया ऑफिसच्या जुन्या दप्तरांची पाने छायाचित्रे काढून तिथे ठेवली आहेत, वीस लाखांहून अधिक. पैसे पडत नाहीत, ओळखपत्र लागत नाही. ‘बॉम्बे’ हा शब्द घातला आणि पाने संपेचनात.

आम्हाला वाटले होते, अरबांच्या देशातले कागद अरबांचे असतील. हे तर आपल्याच मुंबईचे निघाले. कारण साधे आहे. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहर बंदरात इंग्रजांचा रेसिडेंट बसायचा आणि आखाताचा सगळा कारभार तो पाहायचा. १८७३ पर्यंत हा रेसिडेंट मुंबई सरकारच्या हाताखाली होता. कतारच्या शेख मुहम्मद बिन थानी यांच्याशी १२ सप्टेंबर १८६८ रोजी करार करणारा कर्नल लुईस पेली हा असाच रेसिडेंट. म्हणजे कतारच्या इतिहासातला हा महत्त्वाचा कागद मुंबईच्या दप्तराच्या वाटेने गेलेला. पुढेही मुंबई सुटली नाही. इथले मोती मुंबईच्या बाजारात जायचे, तिथे त्यांना भोके पडायची, ते ओवले जायचे आणि पुढे युरोपात निघायचे. नाणे रुपयाचे. १९५९ मध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या आणि १९६६ मध्ये रुपयाची किंमत उतरवल्यावर कतारने तो सोडला. मोती काढणाऱ्या बोटीच्या कप्तानाला इथे नाखुदा म्हणतात. कोकणातला नाखवा आठवून आम्ही तिथेच, त्या गप्प दालनात, मोठ्याने हसलो.

पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेच मुंबई सरकार आखातातला गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी शेखांशी करार करत होते, आरमाराची गलबते पाठवत होते. त्याच सरकारच्या दुसऱ्या टेबलावर, त्याच वर्षांत, मॉरिशसला जाणाऱ्या जहाजांवरच्या मजुरांच्या याद्या मंजूर होत होत्या. हा ढोंगीपणा म्हणावा की दोन टेबलांमधली नेहमीची सरकारी भिंत, हे आम्हाला ठरवता आले नाही. ह्यू टिंकर यांनी १९७४ मध्ये गिरमिटावर जे पुस्तक लिहिले त्याच्या नावातच गिरमिटाला गुलामीची नवी पद्धत म्हटले आहे. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. आपल्या माणसांचा करार संपायचा, ती कोर्टात तक्रार करू शकायची, मजुरी थोडी का होईना ठरलेली असायची. पण १८६० च्या दशकात ‘डबल कट’ होता, एक दिवस चुकला की दोन दिवसांची मजुरी कापत, आणि १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या माणसालाही खिशात स्वतःचा फोटो लावलेले तिकीट घेऊन फिरावे लागे, ते नसले तर भटक्या म्हणून आत टाकत. हे वाचले की टिंकर यांना काय दिसले असेल तेही कळते.

त्या संकेतस्थळावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला तो एका विशिष्ट प्रकारच्या कागदांवर. १९२० आणि १९३० च्या दशकांत आखातातले गुलाम पळून बहारीनच्या, शारजाच्या किंवा बुशहरच्या इंग्रज कचेरीत यायचे आणि सुटकेचे प्रमाणपत्र मागायचे. तिथे त्यांचा जबाब घेतला जाई. नाव काय, वय सुमारे किती, जन्म कुठला, कोणी पळवले, कोणाला विकले, मालक कसा वागवतो. असे शेकडो जबाब आहेत. पुष्कळ जण आफ्रिकेतले, पुष्कळ जण मकरानच्या किनाऱ्यावरून पळवलेले बलुची, त्यांतले कितीतरी मोत्यांच्या बोटींवरचे पाणबुडे. मॅथ्यू हॉपर या अमेरिकन इतिहासकाराने या कागदांच्या आधारे २०१५ मध्ये पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की आखातातली ही गुलामी म्हणजे काही जुनाट अरबी रीत नव्हती. खजूर आणि मोती यांना जगभर गिऱ्हाईक वाढले म्हणून माणसांची मागणी वाढली. खजूर अमेरिकेत जात होता. आपल्याकडे साखर होती, एवढाच काय तो फरक. येर्झी झ्दानोव्स्की या पोलिश अभ्यासकानेही हेच जबाब गोळा करून अभ्यासले आहेत.

पहिले पाच-सहा जबाब आम्ही डोळे पुसत वाचले. विसावा वाचताना विचित्र वाटू लागले. सगळे सारखेच कसे बोलतात? सुरुवात सारखी, शेवट सारखा, मालकाचा छळ सारख्याच शब्दांत. मनात आले, ही माणसे खोटे तर बोलत नाहीत? लेकीच्या इमारतीत साहित्य शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका राहतात. बाळ पाहायला आल्या तेव्हा त्यांना विचारले. त्यांनी उलट आम्हालाच विचारले, ‘तुमची मुले गाईवर निबंध लिहितात तेव्हा सगळे सारखे का असतात?’ आम्ही म्हटले, प्रश्न सारखे देतो म्हणून. ‘मग झाले तर,’ त्या म्हणाल्या.

समीक्षा म्हणजे कवितेचे रसग्रहण, एवढेच आम्ही प्रमाणपत्राच्या परीक्षेला शिकलो होतो. या बाईंनी ती सरकारी कागदाला लावून दाखवली. त्या म्हणाल्या, जबाब हे आत्मचरित्र नव्हे, तो एक साचा आहे. बोलणारा बलुचीत किंवा अरबीत बोलतो, दुभाषा ते सांगतो, कारकून इंग्रजीत लिहितो. काय सांगितले म्हणजे प्रमाणपत्र मिळते हे बोलणाऱ्याला कचेरीच्या दारातच कळलेले असते. म्हणून सारखेपणात त्याला शोधू नका. जे विचारले नव्हते आणि तरी कागदावर आले, तिथे पाहा. प्रमाणपत्राला ज्याचा काही उपयोग नाही असा एखादा तपशील, तिथे माणूस बोलत असतो.

ही गोष्ट आपल्या कागदांनाही लागू पडते, आणि ती आधीच कोणी लावूनही पाहिली आहे. मरीना कार्टर या बाईंनी गिरमिटी माणसांची पत्रे, अर्ज आणि कोर्टातले जबाब यांवर १९९६ मध्ये पुस्तक केले, आणि त्याच्या दोन वर्षे आधी फक्त मॉरिशसमधल्या बायकांच्या जबाबांवर. आपल्याकडचे कवी खाल तोराबुली यांच्याबरोबर त्यांनी २००२ मध्ये ‘कूलिट्यूड’ हा संग्रहही काढला. कुली हा शिवीसारखा शब्द उचलून तोराबुलींनी त्याचा अभिमानाचा शब्द केला. तो आमच्या जिभेवर अजून नीट बसत नाही, पण त्यामागचा हट्ट कळतो. १८७१ चा आपला मोठा अर्ज घ्या. जुन्या मजुरांपैकी ९,४०१ जणांनी तो दिला, आदोल्फ द प्लेविट्झ या गोऱ्या मळेवाल्याने त्यासाठी मार खाल्ला, आणि त्यातून १८७२ चा रॉयल कमिशन नेमला गेला. शाळेत आम्ही तो ‘आपल्या पूर्वजांचा आवाज’ म्हणून शिकवतो. पण त्या नऊ हजारांत स्वतः इंग्रजी लिहिणारे किती होते? कागदावर शब्द द प्लेविट्झचे आणि दुःख त्यांचे, मग आवाज कोणाचा? पुढच्या वर्षी सहावीच्या मुलांपुढे हा प्रश्न ठेवायचा आमचा विचार आहे. मोठ्यांपेक्षा ती बरी उत्तरे देतात.

आता घरचा कागद. आमची खापरपणजी १८६० च्या दशकात मुंबईहून आली. तिच्या नोंदीची झेरॉक्स आमच्या वडिलांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मिळवली होती, तिचा फोटो आमच्या मोबाइलमध्ये असतो. आप्रवासी घाटाच्या त्या सोळा पायऱ्या चढून आल्यावर कारकुनाने ज्या रकान्यांत तिला भरले ते असे: क्रमांक, जहाज, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव. वय एकोणीस. उंची चार फूट नऊ इंच. जात ‘मराठा’ लिहिली आहे. पण त्या काळी मुंबईहून आलेल्या कोणालाही तसे लिहून टाकत, तेव्हा त्यावरून कोणी फार मिरवू नये, आमच्या घरचेही. खुणेच्या रकान्यात एकच शब्द आहे, गोंदण.

लहानपणापासून तो शब्द आम्ही शंभरदा वाचला असेल. दोह्यात प्रथमच विचार केला, कसले गोंदण? कपाळावरची चंद्रकोर? हातावर तुळशीवृंदावन? नवऱ्याचे नाव? कोकणातल्या बाईच्या हातावरचे गोंदण म्हणजे तिचे सासर-माहेर, तिचा देव, तिची हौस. कारकुनासमोर तो हात पुढे झाला असेल. त्याला फक्त पळून गेल्यास ओळख पटवायची खूण हवी होती आणि रकाना होता बोटभर रुंदीचा. कोरा कागद असता तर कदाचित त्याने थोडे जास्त लिहिले असते. हा राग आम्हाला त्या कारकुनापेक्षा तो तक्ता आखणाऱ्यावर येतो. कुठे किती जागा सोडायची हे कोणीतरी टेबलावर बसून पट्टीने ठरवले आणि त्या रुंदीत जे मावले नाही ते आपल्याला दीडशे वर्षांनंतरही मिळत नाही.

गावाच्या रकान्यात जो शब्द आहे तो आमच्या घरात सगळे ‘मॅकझन’ असा वाचत. जिल्हा ‘रटनाघेरी’, तो रत्नागिरी हे उघड होते. पण मॅकझन हे गाव कसे असेल? म्हणून वडिलांचे मत असे होते की कारकुनाने चुकून मजूर जमवणाऱ्या साहेबाचे नाव तिथे लिहिले. आमच्या घरात तो मॅकझन साहेब तीन पिढ्या वावरला. आत्या तर त्याला मिशाही लावायची.

मश्हैरिब भागातली संग्रहालये लेकीने एका शुक्रवारी दाखवली. चार जुन्या घरांची मिळून २०१५ मध्ये ती उघडली. त्यांतले बिन जेलमूद हे घर एका गुलाम विकणाऱ्याचे होते. आता त्याच घरात हिंदी महासागरातल्या गुलामगिरीचा इतिहास मांडला आहे, १९५२ मध्ये कतारने ती बंद केली तिथपर्यंत. आणि तिथे थांबत नाही. पुढे आजच्या काळात माणसांना कसे राबवले जाते तेही सांगितले आहे. त्याच्या जवळच्या ‘कंपनी हाऊस’मध्ये तेलाच्या पहिल्या मजुरांची कहाणी आहे. दुखान इथे तेल लागले ते १९४० च्या सुमारास, पहिले जहाज भरून निघाले १९४९ च्या शेवटच्या दिवशी. त्याआधीच्या दहा वर्षांत मोत्यांचा धंदा बुडाला होता, जपानचे पैदास केलेले मोती आणि जागतिक मंदी यांनी तो संपवला. पूर्वी मोती काढणारे हात मग नळ आणि दगड वाहू लागले. विकणाऱ्याच्याच घरात विकलेल्यांची गोष्ट सांगणे, हा निर्णय ज्याने घेतला त्याला आम्ही मनात नमस्कार केला. आपल्याकडे साखरमळ्यांच्या मालकांचे बंगले आता हॉटेले झाले आहेत.

आजच्या मजुरांविषयीही कतारमध्येच संशोधन झाले आहे, हे आम्हाला माहीत नव्हते. कतार विद्यापीठात समाजशास्त्रीय पाहण्या करणारी एक संस्था २००८ पासून आहे. तिथल्या अभ्यासकांनी अँड्र्यू गार्डनर या मानववंशशास्त्रज्ञाबरोबर कमी पगाराच्या हजाराहून अधिक मजुरांना गाठून प्रश्न विचारले आणि २०१३ मध्ये ते छापले. बहुसंख्यांचे पासपोर्ट मालकाच्या ताब्यात होते, इथे येण्यासाठी माणसे कर्ज काढत होती, गावी सांगितलेला पगार आणि इथला पगार वेगळा निघत होता. नताशा इस्कंदर या अभ्यासिकेचे २०२१ चे पुस्तक बांधकाम मजुरांवर आहे. तिचा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटला. ती म्हणते, ‘अकुशल’ हा शब्द माणसाच्या हाताचे वर्णन करत नाही, त्याला कुठे ठेवायचे ते ठरवतो. तासाभरात शेकडो नळ्या जोडून आकाशात जिना उभा करणारा माणूस कागदावर अकुशलच असतो. आपल्या पूर्वजांच्या बाबतीतही उसाची तोड, भट्टीची आच आणि बैलाचा स्वभाव जाणणाऱ्या माणसापुढे ‘मजूर’ हा एकच शब्द लिहिला गेला.

कायदे बदलले, हेही सांगायला हवे, नाहीतर अन्याय होईल. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे कार्यालय दोह्यात आले. देश सोडायला मालकाची परवानगी लागायची ती बहुतेकांसाठी त्याच वर्षी गेली आणि घरकाम करणाऱ्यांसाठी २०२० च्या सुरुवातीला. नोकरी बदलायला मालकाचे पत्र लागायचे, ती अट २०२० मध्ये निघाली. मार्च २०२१ पासून महिना किमान एक हजार रियाल वेतन ठरले, राहणे आणि जेवण मालकाने दिले नाही तर त्याचे वेगळे. कागदावर हे झाले आहे. कागद आणि कामाची जागा यांत अंतर असते, हे गिरमिट्यांच्या वंशजांना कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

आमच्या लेकीच्या इमारतीला रंग देण्यासाठी परांची बांधत होते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आम्ही बाळाला ऊन देत उभे होतो आणि परांचीवरून कोणीतरी फोनवर म्हणाले, ‘आये, जेवलीस का गो?’ आमच्या अंगावर काटा आला. दुपारी तो खाली सावलीत बसला तेव्हा चहा घेऊन गेलो. आम्ही बोललो तसा तो हसायला लागला. ‘मावशी, तुम्ही तर पुस्तकासारखं बोलताय.’ खरे आहे. आमची मराठी पुस्तकातूनच परत आणलेली आहे, घरात आई-वडील क्रिओल बोलायचे.

त्याचा तालुका संगमेश्वर. सहा वर्षे झाली येऊन. पहिल्या दोन वर्षांचा पगार एजंटाच्या कर्जात गेला, असे त्याने सांगितले, तक्रारीच्या सुरात नाही, पाऊस किती पडला सांगावे तसे. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला त्याने एकूण पाच महिने पाहिले आहे. आम्ही म्हटले, आमच्या खापरपणजीलाही असाच कागद होता, आणि मोबाइल पुढे केला. त्याने पुसून पुसून बोटे स्वच्छ केली, मग फोटो मोठा करून अक्षर अक्षर लावून वाचू लागला. ‘नंबर आहे. फोटो नाय?’ फोटो तेव्हा नव्हता, म्हटले. ‘आमच्या कार्डावर दोन्ही आहे,’ म्हणाला. मग गावाच्या रकान्यावर थांबला. ओठांत दोनदा पुटपुटला. ‘हे माखजन असंल.’

आम्ही म्हटले, काय?

‘माखजन, मावशी. आमच्याकडचंच. गडनदीवरचं. दर पावसाळ्याला बाजारपेठेत पाणी शिरतं तिथं.’

मॅकझन. माखजन. मोठ्याने म्हणून पाहा. तीन पिढ्या आम्ही तो शब्द इंग्रजी म्हणून वाचला, म्हणून आम्हाला साहेब दिसला. त्याने तो ऐकला, म्हणून त्याला गाव दिसले. प्राध्यापिका बाईंना रात्री हे सांगितले तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

हे लेखात घालणार आहोत असे आम्ही त्या मुलाला सांगितले. मुलगाच म्हणायचा, तिशीचा असेल. नाव विचारले, कसे लिहू? तो दचकला. ‘नाव नको मावशी. कंपनीचं पण नको. नाव छापलं की कुणी ना कुणी फोन करतं.’ तालुका चालेल, म्हणाला. म्हणून तालुका लिहिला आहे.

या गोष्टीने आम्हाला अजून स्वस्थता नाही. आपल्या संस्थेची सगळी धडपड नावांसाठी चाललेली असते. कारकुनाने बिघडवलेली नावे सरळ करायची, आडनावे जुळवायची, शिळेवर कोरायची. आणि हा जिवंत माणूस हात जोडून सांगतो, माझे नाव लिहू नका. दीडशे वर्षांपूर्वी बंदरावर आपल्यातल्याही कोणी मुद्दाम खोटे नाव सांगितले असेल, घरचे शोधत येऊ नयेत म्हणून, किंवा सावकार. तसे असेल तर आपण शिळेवर कोणाचे नाव कोरतो आहोत? शिवाय त्याची पोर दोह्यात वाढणार नाही. करार संपला की त्याने परत जायचे, हा तिथला नियम. आपल्या लोकांनी राहून घेतले, वाडीला देऊळ बांधले, गणपती बसवला, म्हणून ही स्मरणिका निघते. कतारमध्ये आज सात-आठ लाख भारतीय आहेत. त्यांची आगमन-शताब्दी कोण साजरी करणार आणि कुठल्या गावात?

माखजन हेच ते गाव, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. एका शब्दावरून एवढे म्हणणे म्हणजे पुन्हा मॅकझन साहेब करण्यासारखे होईल. त्या काळी एकाच गावची, एकाच नात्यातली माणसे मिळून निघत. तेव्हा त्याच जहाजावरच्या, तिच्या मागच्यापुढच्या क्रमांकांच्या माणसांची गावे पाहायला हवीत. ती गडनदीच्या आसपासची निघाली तर गोष्ट वेगळी. परत आल्यावर त्या कामाला लागलो आहोत, चार क्रमांक झाले, त्यांतल्या एकाच्या पुढे ‘अरोलली’ असे काहीतरी आहे. माखजनजवळ आरवली आहे.

ज्यांच्या घरी जुन्या नोंदीची प्रत असेल त्यांना एक विनंती आहे. तिच्यावरचा गावाचा रकाना इंग्रजी विसरून, मोठ्याने वाचावा, शक्य तर घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर, आणि काय ऐकू आले ते चिठ्ठीवर लिहून संस्थेच्या कपाटातल्या निळ्या फाइलीत ठेवावे. चिठ्ठीवर स्वतःचे नाव लिहायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.